रविवारच्या भजनाचं गाऱ्हाणं

माझी बायको मुलीला घेऊन हिंदमाताला निघून गेली, ते होळीच्या दुसऱ्या दिवशी. माहेरी गेली असं मी म्हणत नाही, कारण माहेर तिचं कोकणात. हिंदमाताला तिचा भाऊ साड्यांच्या दुकानात कामाला होता आणि दुकानामागच्याच चाळीत राहत होता. आमच्या लालबागच्या चाळीतून पायी अर्धा तास. म्हणजे रागावून फार लांब गेली असंही नाही. पण उंबऱ्यात उभी राहून ती जे बोलली, ते मला पुढे वर्षभर पुरलं.

मी म्हटलं होतं, "सोडतो. आईशप्पथ सोडतो."

"तुम्ही सांगू नका," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटले. तिसरं कुणीतरी माणूस येऊन मला सांगेल की ह्यांनी सोडली, तेव्हा मी परत येईन. आणि तुम्ही पाठवलेला माणूस नको. मागे एकदा पाठवला होतात, तो माझ्यासमोर डुलत उभा होता."

तो डुलत उभा होता हे खरंच होतं, म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर गप्प बसणारा मी नव्हे. मी तापट माणूस. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो, चार साचे सांभाळायचो, आणि आडवं सूत नेणारा धोटा अडकला तरी मला वाटायचं की त्यानं मुद्दाम केलं. ती गेल्यावर मी तासभर मनातल्या मनात तिच्याशी भांडलो. मी पाठवायचा नाही, मी सांगायचं नाही, मग तो तिसरा माणूस काय आभाळातून पडणार? असला अवघड निकाल कुठल्या कोर्टानं दिला नसता. तासाभरानं मी दारूच्या अड्ड्यावर नवटाक मारायला गेलो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या चाळीच्या भिंतीवर 'मुंबई आमची' असं गेरूनं लिहिलेलं होतं आणि गिरणीच्या फाटकावर रोज कुणी ना कुणी भाषण करायचं. आणि ते दिवस दारूबंदीचेही. दारू प्यायची तर सरकारी परमिट लागायचं, आणि आमच्यासारख्यांना ते कोण देतोय? आम्ही वडाळ्याच्या मिठागरांकडून सायकलच्या ट्यूबमधून येणारी हातभट्टी प्यायचो. म्हणजे नुसतं पिणं नव्हे, 'मी पितो' असं चारचौघांत म्हणणंसुद्धा धोक्याचं. हे सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

आषाढात माझे हात इतके कापायला लागले की एक दिवस धोटा बोटावरच आला. गिरणीच्या दवाखान्यात कंपाउंडर पट्टी बांधत होता. मितभाषी माणूस, डोक्याला चापूनचोपून तेल. बोटाकडे न बघता तो माझ्या मनगटाकडे बघत होता. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाला, "गिरगावात एका शाळेत रविवारी चार वाजता काही माणसं जमतात. त्यांनी सोडलीय. जाऊन बसा." त्यानं वाडीचं नाव सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पहिल्या रविवारी मी दोन ट्रामा बदलून गिरगावात गेलो. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. वाडी सापडली, पण शाळा सापडेना. विचारायचं तरी काय? दारू सोडलेले लोक कुठे बसतात, असं विचारलं तर विचारणाऱ्याचंच बिंग फुटतं. शेवटी एका पानवाल्यासमोर जाऊन नुसता उभा राहिलो. त्यानं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत हळूच म्हणाला, "मागच्या बोळात. निळं दार."

मला वाटलं, देवमाणूस. निळ्या दारामागे अड्डा होता. पहिल्या रविवारी मी दारू सोडायच्या बैठकीला गेलो आणि पिऊन परत आलो. ही गोष्ट मी पुढे पुष्कळ वेळा सांगितली आणि दर वेळी लोक पोट धरून हसले. पण त्या संध्याकाळी ट्राममध्ये मी टोपीत तोंड घालून रडत होतो, हेही सांगतो.

सोमवारी पट्टी बदलायला गेलो तेव्हा कंपाउंडरला वास आला असणारच. तो एवढंच म्हणाला, "येत्या रविवारी तीन वाजता लालबागच्या नाक्यावर उभे राहा. मी नेतो."

त्यानं नेलं. वाडीच्या टोकाला जिना, जिन्यावर शाळेचा वर्ग, फळ्यावर शनिवारचा भूगोल तसाच राहिलेला. लहान मुलांच्या बाकांवर आठ-नऊ मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कंपाउंडर मला दारापाशी सोडून परत जाईल असं मला वाटलं होतं. तो आत गेला आणि दुसऱ्या बाकावर आपल्या ठरलेल्या जागी बसला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस सहा वर्षं मला औषधं देत होता आणि मला पत्ता नव्हता.

बैठक चालवायचे दोघे. एक त्याच शाळेतले निवृत्त मास्तर, आणि दुसरा एक गोव्याकडचा तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा. तो बोटीवर स्वयंपाकी होता. कुठल्यातरी परदेशी बंदरात त्यानं अशी बैठक पाहिली होती, तिथे बसला होता आणि सुटला होता. मुंबईला उतरल्यावर त्यानं मास्तरांना गाठलं. दोघे पूर्वी एकाच अड्ड्यावरचे.

रीत साधी होती. कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही. आपलं सांगायचं, दुसऱ्याला शिकवायचं नाही. आजचा दिवस गेला की पुरे, उद्याचं उद्या. आणि इथलं बोलणं जिन्याखाली न्यायचं नाही. बायकोला नाही, आईला नाही, देवाला सांगायचं तर सांगा. शेवटी बिनदुधाचा चहा मिळायचा, इतका गोड की चमचा उभा राहावा. तारवटी स्वतः करायचा.

सहा रविवार मी काही बोललो नाही. नुसता चहा प्यायला जातो अशी मी स्वतःची समजूत घातली होती. सातव्या रविवारी मास्तर माझ्याकडे बघून भुवई वर करतात न करतात तोच मी उभा राहिलो आणि निळ्या दाराची गोष्ट सांगून टाकली. सगळे हसले. तारवटी तर बाक बडवत होता. मग मी बायकोची अट सांगितली आणि कुणी हसलं नाही. त्या दिवशी घरी येताना मला कळलं की मी सहा आठवड्यांत थेंबही घेतलेला नाही आणि मी ते मोजलंसुद्धा नव्हतं. भायखळ्याला उतरून मी एकट्यानं दोन प्लेट भजी खाल्ली.

पण गिरगाव लांब. त्यात मोर्चे, हरताळ, निदर्शनं. कधी ट्राम मध्येच थांबायची, कधी सुटायचीच नाही. मोर्च्यात मीही असायचो, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? एकदा कंपाउंडर आणि मी लालबागहून गिरगावात चालत पोचलो तेव्हा बैठक संपून मास्तर फळा पुसत होते. तारवटी म्हणाला, "अरे, दोन माणसं बसली की बैठक झाली. तुमच्याकडे जागा नाही काय?"

जागा होती. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर आमच्या गावच्या मंडळाचा गाळा होता. गावाहून आलेले सडे लोक तिथे वळकट्या टाकून राहायचे. रविवारी दुपारी चारला तो रिकामा असायचा, कारण सगळे नातेवाइकांकडे नाहीतर खेळ बघायला जायचे. किल्ली माझ्याकडे होती. दिवाळीनंतर मी, कंपाउंडर आणि नायगावचा एक सोबती अशा तिघांनी तिथे बसायला सुरुवात केली.

हा नायगावचा सोबती दुसऱ्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता. त्याच्या लोकांनी नुकताच धम्म घेतला होता, आणि घेताना ज्या प्रतिज्ञा केल्या त्यात दारू पिणार नाही ही एक. यानं हजारो लोकांसमोर हात पुढे करून ती म्हटली आणि पंधराव्या दिवशी मोडली. "माझ्या बापाला हे दिवस बघायला मिळाले नाहीत, आणि मी काय केलं बघ," एवढंच त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं. माझ्या तापटपणाला तो एकटाच हसायचा, म्हणून माझं त्याच्याशी जमलं.

तिघांचे पाच झालो, पाचांचे आठ. आणि एका रविवारी दारावर काठी वाजली. बाहेरून आवाज आला, "उघडा. पोलीस."

आता बघा, आठ पुरुष, भर दुपारी, दार लावून. एक तर अड्डा, नाहीतर चळवळीची गुप्त बैठक. दोन्हीसाठी आत जावं लागलं असतं. खरं सांगावं, तर 'साहेब, आम्ही दारू पीत होतो आणि आता सोडलीय' हा आमच्याच तोंडचा कबुलीजबाब. कंपाउंडर उठला, खुंटीवरचे मंडळाचे टाळ काढून चौघांच्या हातात दिले, पखवाज माझ्या मांडीवर आदळला आणि घसा खाकरून त्यानं एक अभंग सुरू केला. औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या त्या माणसाच्या गळ्यातून असा काही सूर निघाला की मला क्षणभर वाटलं, पोलीस बरा.

नायगावचा माझ्या कानाशी आला. "देवाचं नाव मी घेणार नाही. झांज वाजवीन."

"वाजव बाबा, पण वाजव," मी म्हटलं.

दार उघडलं. हवालदार आमच्याच बाजूचा, कोकणातला. त्यानं टोपी काढली, चपला काढल्या आणि चक्क मांडी घालून बसला. उठायचं नावच घेईना. आम्हाला एकच अभंग अर्धामुर्धा येत होता, तो आम्ही पाच वेळा म्हटला. शेवटी तो उठला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पखवाजवाला चुकतोय. रोज बसत जा."

झालं. चाळभर बातमी झाली की तळमजल्याच्या गाळ्यात नवं भजनी मंडळ निघालं. आता मागे फिरता येईना. आम्ही नियमच केला की बैठकीच्या आधी एक अभंग आणि नंतर एक, आणि मध्ये कुणाचं पाऊल वाजलं की आणखी एक. मंडळ वाढत बारा जणांचं झालं आणि त्या बारांत एकालाही गाता येत नव्हतं. लोकांनी आम्हाला नारळ दिले. एका बाईंनी सत्यनारायणाला बोलावलं, तेव्हा कंपाउंडरनं आमच्या सगळ्यांचा घसा बसलाय असं तोंड भरून खोटं सांगितलं.

सगळी चाळ आमच्यावर खूश होती, एक काकी सोडून.

काकी म्हणजे गाळ्याच्या डोक्यावरच्या खोलीत राहणारी म्हातारी. एकटी होती, खानावळ चालवायची. पहिल्या पाळीला जाणाऱ्या वीस-बावीस जणांच्या भाकऱ्या थापायला ती पहाटे तीनला उठायची, सहा दिवस. रविवारी गिरण्या बंद, म्हणजे तिची चूल बंद. आठवड्यातून तेवढी एक दुपार तिची झोपेची, आणि नेमक्या त्याच दुपारी तिच्या उशाखाली बारा जण टाळ कुटायचे. पहिल्या महिन्यात तिनं वरून काठीनं जमीन ठोकली. दुसऱ्या महिन्यात पाणी ओतलं. मग ती गॅलरीत येऊन उभी राहायची आणि आम्ही एकेक जण आत शिरताना शिव्या घालायची. "इलो मेलो," हा माझा मान.

मला तिचा राग यायचा, आणि राग आला की मला कळायचं की चूक माझी आहे. पण रविवारी चारशिवाय गाळा रिकामा नसायचा, आणि इतर दिवशी बारा जणांच्या पाळ्या जुळेनात.

या सगळ्यात माझं मूळ दुखणं तसंच होतं. महिन्यातून एकदा मेव्हणा मुलीला दुकानाच्या पायरीवर आणायचा आणि मी तिच्याशी घटकाभर बोलायचो. दर वेळी ती विचारायची, "बाबा, कोण आलं का सांगायला?" आईची अट तिलाही पाठ झाली होती. बायको वर खिडकीत असायची, खाली यायची नाही. मी सोडून सात महिने झाले होते आणि जगात ते कुणालाच सांगायची सोय नव्हती.

शेवटी फाल्गुनात मी कंपाउंडरला धरलं. "तुम्ही जा. तुम्ही पीत नाही, तुमचा शब्द राहील."

"मी गेलो तर तुम्ही पाठवलेला म्हणून गेलो," तो शांतपणे म्हणाला. "तिनं तेच नको म्हटलंय. आणि इथलं बाहेर न्यायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"नियम गेला खड्ड्यात! माझी पोर तिकडे मोठी होतेय."

"माझी झाली," तो म्हणाला. "माझ्याशिवाय."

यावर माणसानं गप्प बसावं. मी बसलो नाही. त्याला नको ते बोललो आणि दुसऱ्या रविवारी जेवण झाल्यावर गाळ्याची किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवून सरळ वडाळ्याची वाट धरली. ट्यूबमधून येणारी नको, जिथे गाळतात तिथेच जाऊन प्यायची होती. इतक्या महिन्यांचं उट्टं काढायचं होतं.

नायगावच्या रस्त्यावर समोरून आमचा सोबती येत होता, बगलेत फडक्यात बांधलेली झांज. साडेतीन वाजले होते आणि मी उलट्या दिशेनं चाललो होतो, तेव्हा समजायला त्याला वेळ लागला नसणार. त्यानं काही विचारलं नाही. "हे धर जरा, बिडी पेटवतो," म्हणून झांज माझ्या हातात दिली. बिडी पेटवली आणि लालबागच्या दिशेनं चालायला लागला. झांज माझ्याच हातात. मी दहा पावलं उभा राहिलो.

"अरे, तुझी झांज!" मी ओरडलो.

"आण की," तो मागे न बघता म्हणाला.

झांज दुसऱ्याची, टाकून कशी जाणार? मी शिव्या देत त्याच्या मागे चालत आलो. गाळ्यापाशी पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती, सगळे दाराबाहेर खोळंबले होते, कारण किल्ली चौकटीवर आहे हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. वर गॅलरीत काकी. "आज उशीर केलंस?" ती ओरडली. "माका वाटला, आज तरी डोळो लागतलो!"

कंपाउंडरनं मला आपल्या शेजारी जागा दिली. मी त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर. मग पखवाज घेतला आणि त्या दिवशी मी फार वाईट वाजवला.

चैत्र लागला. पाडवा होऊन गेला असेल. एका रविवारी बैठक आटोपून तीन जिने चढून वर गेलो, तर माझ्या खोलीचं दार उघडं. दुसरी किल्ली बायकोकडेच होती. आत स्टोव्ह फरफरत होता. मुलगी खाटेवर पाय हलवत बसली होती आणि बायको ताटात तांदूळ निवडत होती, जसं काही काल संध्याकाळीच ताट बाजूला ठेवलं होतं.

मी वर्षभर या प्रसंगाचं भाषण पाठ केलं होतं. "अगं, मी..." मी सुरुवात केली.

"तुम्ही काही सांगू नका," ती म्हणाली. "मला सांगून झालंय."

मी दारातच खाली बसलो. मुलगी माझ्या पाठीवर येऊन पडली आणि मी एखाद्या पोरासारखा रडलो. मला लाज वाटली नाही. बायकोचं तांदूळ निवडणं चालूच होतं, पण खडे कुठले आणि तांदूळ कुठले हे तिला दिसत नसावं, कारण जेवताना दोन खडे माझ्याच दाताखाली आले.

जेवण झाल्यावर तिनं सांगितलं. आदल्या आठवड्यात काकी हिंदमाताला गेली होती. भाचीचं लग्न ठरलं होतं, तिला लुगडं घ्यायचं होतं, आणि गेली ती नेमकी माझ्या मेव्हण्याच्या दुकानात. तिथे बायको भावाचा डबा घेऊन आली होती. तिला बघताच काकी लुगडं विसरली.

"गो बाये, तू हंय सुखान बसलंस, आणि तुझो घोव थंय आमका मारता! दर आयतवारी चार वाजले की बारा जण मिळान बोंबलतत. माका एक आयतवार मेळता झोपाक, तो पण ह्येंनी खाल्लो. तू ये आणि त्येका आवर."

बायकोला काही कळेना. तिनं विचारलं, "पिऊन येतात का?"

"पियाचो तेवा बरो गायचो मेलो!" काकी म्हणाली. "तेवा लाज नाय होती. आता मान खाली घालून, तोंडातल्या तोंडात गाता. ऐकवना नाय."

बायकोनं हातातला डबा खाली ठेवला. "काकी, दर रविवारी? एखाद्या रविवारी तरी नसतील?"

"एकय आयतवार चुकलो असतो," काकी म्हणाली, "तर माका त्या दिवशी झोप नसती लागली?"

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "रविवारी तुम्ही कुठल्या गटारात असाल, हे शोधत मी सात वर्षं फिरलेय. आणि ती सांगत होती, दर रविवारी, चार वाजता, एकाच जागी. तिला खोटं बोलायचं कारणच नव्हतं. ती तर तुमची कागाळी करत होती."

ते भजन म्हणजे काय, हे तिनं मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिला कळलं नसेल असं मात्र मला वाटत नाही.

पुढच्या रविवारी पावणेचार वाजता तिनंच माझी टोपी खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. मी खाली गेलो. गॅलरीत काकी दिसली नाही, वरून काठी वाजली नाही. आम्ही दोन्ही अभंग म्हटले, मध्ये आपापलं सांगितलं. नायगावच्या सोबत्यानं त्या दिवशी झांज जरा जास्तच जोरात वाजवली, कारण माझी बातमी त्याला कळली होती. पण माझं लक्ष सारखं छताकडे. मला वाटलं, म्हातारी आजारी तर पडली नाही ना?

बैठक संपवून मी घाईनं वर गेलो. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, पार टोकाला, तिथे गाळ्यातला आवाज पोचत नाही. दाराबाहेर बायको आणि मुलगी चटई टाकून बसल्या होत्या. मला बघताच बायकोनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. काकी झोपलीय."

मी आत डोकावलो. माझ्या खाटेवर, माझ्या उशीवर डोकं टेकून, काकी घोरत होती. बायकोनं तिला सांगितलं होतं की दर रविवारी दुपारी इथे येऊन झोपत जा. तिची चप्पल दाराशी नीट लावून ठेवलेली होती.

मला तिला उठवून सांगावंसं वाटलं की काकी, तुझ्यामुळे माझं घर परत आलं. पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं, आणि ते काही माझ्या एकट्याचं नव्हतं. मी तिला कधीच सांगितलं नाही. ती पुढेही कितीतरी वर्षं मला 'मेलो' म्हणत राहिली आणि दर रविवारी माझ्या खाटेवर झोपत राहिली.

त्या दिवशी मी टोपी काढून चटईवर बसलो. मुलीनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. ऊन उतरेपर्यंत, काकी जागी होईपर्यंत, आम्ही तिघं आमच्याच खोलीबाहेर आवाज न करता बसून राहिलो.